जंभेरीच्या खुंटावर

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी वाचन माझ्या वाट्याला आलं :
मत्तय, पहिला अध्याय. नुसती नावं.
मोहननगरच्या देवळात त्या सकाळी इतका गारठा
की शद्रकमामांनी हातमोज्यांतच पेटीचा सूर धरला.
मी अब्राहामापासून निघाले. यहूदापाशी पोचेतो
पहिल्या बाकावरच्या दोघी पेंगल्या होत्या.

खांद्याच्या पिशवीत
सिव्हिल लाइन्सहून परत आलेला अर्ज,
लेकाच्या दाखल्यासाठीचा.
वंशावळीचा तक्ता : वर एक चौकट, खाली फांद्या,
चौकटीशेजारी लाल शाई :
'मूळ पुरुषाचे नाव नमूद करावे.'

मूळ पुरुष.
आमचा मूळ पुरुष तीन वर्षांचा होता.
मानमोडीच्या साथीत मालधक्क्यावर
कापसाच्या दोन गाठींच्या फटीत सापडला.
मिशन दवाखान्याच्या नथनेल कंपाउंडरनं विचारलं,
"कोनाचा रे तू?"
पोरानं त्याच्या धोतराचा सोगा धरला.
नोंदवहीत उतरलं : अशेर नथनेल सोनटक्के.
स्वतःचं आडनाव त्यानं
भाकरीसारखं मोडून अर्धं दिलं.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
"ताई, रक्ताचं लागते जी. पोसलेल्याचं चालत नाही."
मी हो म्हटलं.
बाहेर येऊन पोहे खाल्ले, तर्री न घेता.

तर मी वाचत होते.
तामार आली, सासऱ्यानं शब्द मोडलेली,
तोंड झाकून वाटेवर बसलेली.
राहाब आली, खिडकीला लाल दोर बांधून.
परक्या शेतात सरवा वेचत रूथ आली.
आणि उरीयाची बायको,
तिला इथं स्वतःचं नावसुद्धा नाही.
कुठल्याही कचेरीत या चौघींवर शेरा पडला असता.
मत्तय जकातवाला, वह्या भरण्यात हात बसलेला,
तरी त्यानं काही खोडलं नाही.

मग राजे. मग बाबेल. झाड तुटलं.
यशयाला दिसला तो खुंट,
आणि खुंटाला त्यानं दाविदाचं नावही दिलं नाही.
दिलं इशायाचं,
बेथलेहेमातल्या मेंढरंवाल्या म्हाताऱ्याचं.
धुमारा फुटायचा तर
राजवाड्याच्याही खालून.

खुंट मी काटोलला पाहिलाय.
जंभेरी, काटेरी, फळाला ढोरं तोंड लावत नाहीत.
मनोहामामा सालीला चीर देतो, एक उभी, एक आडवी,
आत संत्र्याचा डोळा बसवतो, पट्टी बांधतो.
"गोडी कोनाची, मामा?"
"डोळ्याची."
"आन् पानी?"
"ते मुळाचं. मुळाले इचारत नाही कोनी."

शेवटाकडे आले.
इतका वेळ याला तो झाला, त्याला हा झाला,
आणि योसेफापाशी क्रियापद अडलं.
योसेफाला कोणी झालं असं लिहिलेलंच नाही.
तो मरीयेचा नवरा, बस.
बेचाळीस पिढ्यांचं झाड उभं केलं
ते ज्याच्या रक्ताचं मूल नाही अशा सुतारापर्यंत.
पाळक म्हणतात, मरीयाही दाविदाच्याच घराण्यातली.
असेल. मी भांडत नाही.
पण स्वप्नात योसेफाला सांगितलं होतं एवढंच :
नाव तू ठेव.
त्यानं ठेवलं,
आणि दाविदाला दिलेलं वचन
त्या एका हाकेवरून पलीकडे गेलं.

मी तिथं थांबले, जरा जास्तच.
शद्रकमामांना वाटलं, संपलं. त्यांनी पेटी सुरू केली.
शेवटचं नाव मी सुरांच्या खालून वाचलं.
कुणी ऐकलं की नाही, माहीत नाही.

दुपारी चौकट भरली.
नथनेल, कंपाउंडर.
नात्याच्या रकान्यात : धोतराचा सोगा.
अर्ज परत येईल, ठाऊक आहे.