खोकला

रामबागेत रविवारी आमचे अकरा वाजतात
तेव्हा उत्पलाचे साडेसात.
नाईल तिथून जवळच आहे म्हणते, पण आम्हाला दिसत नाही.
दिसतो पत्र्याचा दवाखाना, खुंटीवर निळी टोपी,
आणि बरणीत तळाला गेलेलं जीरावन,
जे ती अंड्यावर, भातावर, सरकारी डाळीवर भुरभुरते
आणि मंगोलियाच्या शिपायांनाही चाटवते.

आम्ही ठरवलं होतं, तिला सांगायचं नाही.
म्हणजे कुमुदकाकूंनी ठरवलं
आणि आम्ही माना डोलावल्या,
मी, फरहीन, आणि कोपऱ्यावरचा बंटी दुबे
ज्यानं काकांना रात्री अडीचला
स्कूटरवर मधे बसवून एमवायला नेलं.
मागे फरहीन त्यांना धरून,
पुढे हा हॉर्न वाजवत, रिकाम्या रस्त्यावर.

हर्निया अडकला होता.
कापलं एका सव्वीस वर्षांच्या पोरानं.
काकू म्हणाल्या, मुलगी तिकडे परक्यांची पोटं शिवतेय
आणि इथे बापाचं
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
डबे पुसायला घेतले. पुसलेलेच.

रविवारी सकाळी तालीम झाली.
काकांना आधीच खुर्चीत बसवायचं, बसताना दिसू नयेत.
मनगटावर सलाईनचा निळा डाग, म्हणून पूर्ण बाहीचा शर्ट,
मे महिन्यात.
बंटीनं पोहे आणले, जिलबी आणली,
काकांनी खाल्ल्यासारखं करायचं.
फोन मी धरला, छातीच्या वर वर.

तिने सांगितलं, इकडे सगळं ठीक.
आम्ही सांगितलं, इकडेही सगळं ठीक.
दोन ठीक समोरासमोर बसले
स्टेशनवरच्या अनोळखी माणसांसारखे.

मग पोह्यातली बडीशेप घशात गेली
आणि काका खोकले.
एवढंच.
फक्त खोकण्याच्या आधी त्यांचा हात
बशी सोडून खाली गेला.
हात फोनमध्ये नव्हताच.
उजवा खांदा जरासा कलला, तेवढा होता.

"बाबा," तिकडून आवाज आला, "कुठल्या बाजूला?"

काकू ओट्याकडे वळल्या.
"उजव्या," काका म्हणाले,
शाळेची काच फोडलेल्या मुलासारखे.

"शर्ट वर करा."
फरहीन आणि मी कॅलेंडरमध्ये एकादशी शोधू लागलो, दोघीही.
बंटीनं फोन धरला, जवळ, अजून जवळ,
चित्र गोठलं, पुन्हा हललं,
आणि पाच हजार किलोमीटरवरून
तिनं दुसऱ्या कुणाचे टाके मोजले. सात.
"बरं शिवलंय पोरानं.
खोकताना पोटाशी उशी धरा.
इथे सगळ्यांना मी तेच सांगते,
त्यांच्या बोलीत मला तेवढं एकच वाक्य येतं."

आता ओरडेल, म्हणून आम्ही थांबून राहिलो.
ती ओरडली नाही.
खुंटीवरची टोपी काढून मांडीवर घेतली,
तिची कड बोटांनी सरळ करत बसली
आणि म्हणाली,
"परवा एक नऊ वर्षांचा होता.
रात्रभर मी होते.
सकाळी तो नव्हता."

सात महिन्यांत तिनं आम्हाला सांगितलेलं
हे पहिलंच.
अशा वेळी काय बोलतात, आम्हाला कुठे ठाऊक.
काकूंनी ओल्या हातानं फोन माझ्याकडून ओढून घेतला,
पदरानं तिचं कपाळ पुसलं,
काचेवर पाण्याचा पट्टा उमटला
आणि त्यामागे ती थोडा वेळ वाकडीतिकडी दिसत राहिली.

"उपी," बंटी दुबे म्हणाला, "जीरावन कितना? आधा किलो?"
"एक," ती नाकातून म्हणाली,
"आणि मंगोलियाचं वेगळं."

काकांनी शेजारच्या खुर्चीतली उशी ओढली,
दोन्ही हातांनी पोटाशी धरली.
खोकला आला नव्हता.