छत्र्या उतरवताना

रुवीत, बस अड्ड्यामागच्या सहामजली इमारतीच्या गच्चीवर
आज एक्केचाळीस छत्र्या मोजल्या.
अर्बाबचा निरोप साफ आहे : गुरुवारपर्यंत एकही नको,
रंगारी यायचेत.
छत्रीमागे पाचशे बैसा, भंगार माझं.

यातल्या निदान तीस मीच बसवल्या.
पाऊस नसलेल्या मुलखात उलट्या करून ठेवलेल्या,
वरून जे पडेल ते झेलायला.
तोंड कुठे आहे ते बघून सांगायचो
खाली कोण राहतं :
पूर्वेकडे मान वाकडी केलेल्या आपल्या लोकांच्या,
आणि ही एक मावळतीकडची, चौथ्या मजल्यावरच्या उम्म तारिकची.
तिचा उपग्रह क्षितिजाला टेकलेला, मध्ये बोडका डोंगर आडवा.
दोन वर्षं मी तिला कैरोच्या बातम्या
अर्ध्या मुंग्यांत, अर्ध्या माणसांत दाखवल्या.
मग खांब चार हात उंच केला.

मीटर नंतर आला. आधी नुसता आवाज होता.
मी पान्हा घेऊन वर, रवळनाथ गवस तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत.
आलं?
नाही.
आता?
आलं, आलं… गेलं.
नखभर डावीकडे.
आलं! हलू नको, शरफू!
आणि मी श्वास धरून उभा,
चित्र माझ्याच खांद्यावर ठेवल्यासारखा.

सात जणांची खोली, एक टीव्ही.
तिथले आठ म्हणजे इथले साडेसहा.
साडेसहाला आमटीखालचा गॅस बारीक व्हायचा.
कुट्टनला एक शब्द कळत नसे, तोही बसायचा,
सासू पडद्यावर आली की मल्याळममध्ये शिव्या द्यायचा.
जाहिरात लागली की संडासापुढे रांग.
त्याच घटकेला म्हसळ्यात खैरुन
तेच बघत असणार, हे मला ठाऊक असायचं.
फोन महाग. तीन मिनिटांत काय बोलणार?
"काल तिनं घर सोडलं ना?"
"सोडलं. बरं केलं."
एवढ्यात आमचं पुष्कळ बोलून व्हायचं.

आता सात खाटा, सात उजेड.
कुणीतरी अंधारात खुदकन हसतो,
बाकीच्या सहांना कळत नाही कशाला.
जयदीप धुरी म्हणून नवा पोरगा आहे, मालिका दीडपट वेगानं पळवतो.
म्हणतो, चाचा, तुमच्या वेळची माणसं किती सावकाश रडायची.
मी एकदा रात्री दोनला एका बाईला भाकरी थापताना पाहिलं,
तेव्हापासून मोबाइल मला भाकऱ्याच दाखवतो,
तांदळाच्या, नाचणीच्या, एक तर चुलीवर करपलेली.
खोटं कशाला बोलू, मी बघतो.

खैरुन विचारते, कुठवर आलात?
अकराव्या भागावर.
ती सोळाव्यावर आहे.
कोण मरतं ते तिला माहीत आहे, आणि ती सांगत नाही.
समोर दिसते, फुकट, हवा तेवढा वेळ,
आणि आम्ही दोघं जपून बोलतो.
आठ आता कुठेच वाजत नाहीत.

दुपारपर्यंत अठ्ठावीस उतरवल्या.
एकीत कबुतराचं घरटं, अंडी नव्हती, तरी बाजूला ठेवली.
बोल्ट गंजलेले, तेल सोडून थांबावं लागतं.
वायर मी न बघताच तोडत होतो,
कोण बसलंय आता दुसऱ्या टोकाला?

एकोणतिसावी तोडली आणि खालून हाक आली.
म्हातारा, चिरका, बाईचा आवाज :
राह! राह!

तीस वर्षं झाली इथं. अरबी मला कळतं.
ती म्हणत होती, गेलं, गेलं.
पण हातात पान्हा, टाळूवर ऊन,
कान अजून म्हसळ्याचेच.
राहा, असं ऐकू आलं.

मी हललो नाही.
मग वायरचं टोक दातांनी सोलून
पुन्हा जोडलं, वाकून ओरडलो,
आलं का?
गुरुवारला अजून दोन दिवस आहेत.