वळसा

दोन हिवाळे स्वयंपाकघराची खिडकी
चार बोटं उघडी राहिली.
तिच्यातून बाहेर जायची नारिंगी वायर,
गवतावरून, रुबार्बच्या वाफ्यातून,
थेट एम्रिसच्या शेडपर्यंत,
आणि आत यायचा ब्लायनायचा पाऊस,
आडवा.
मी फटीत जुने मोजे कोंबायचे.
तो तिकडे लेथ सुरू करायचा
की इकडे किटली गप्प, फ्रीज गप्प,
आणि अंधारातून त्याची हाक:
"नेरिस, तू काही लावलंस का?"

मे महिन्यात लौरी आली, इलेक्ट्रिशियन,
माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची नात.
वायर तिनं दोन बोटांत उचलली,
मेलेला साप उचलावा तशी.
एके ठिकाणी काळी चिकटपट्टी होती.
तिथून गवत कापायचं यंत्र गेलं होतं.
ती काही बोलली नाही.
वहीत आकडा लिहिला, वही आमच्याकडे वळवली.
एम्रिसनं चष्मा पुसला.
आकडा तसाच राहिला.
शेड आम्ही त्याच्या निम्म्यात घेतलेलं,
तेही बिनदाराचं.
"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले.

"यातलं अर्धं तर खणायचं आहे," लौरी म्हणाली.
"खणणं तुमचं, वाळू तुमची.
वायर मी घाऊक दरानं आणते.
दोन्ही टोकं माझी.
टोकांना हात लावलात तर मी परत येणार नाही."
आणि मांडीवर आडवा हात धरून दाखवलं:
इतकं खोल.

म्हणून चाळीस वर्षं बसून पगार घेतलेला
बसड्रायव्हर कुदळ घेऊन उभा राहिला.
आमच्याकडे माती पाहुणी आहे.
फावडंभर काळी, मग पाटीचा दगड,
त्याखाली पाटीचा दगड,
त्याच्या आजोबांच्या पिढीनं खाणीतून काढून फेकलेला,
ज्याच्यावर आता आमचे बटाटे.
दिवसाला दीड मीटर. रविवारी शून्य.
हिशेबही त्यानं पाटीच्याच तुकड्यावर खिळ्यानं कोरला:
मीटरला सहा पौंड, एकोणीस मीटर,
भिंतीच्या कडेनं, सरळ.

अकराव्या मीटरला मी घरातल्या चपलांनिशी धावले.
"थांब. इथे मॉट आहे."
"मॉट प्लमच्या पलीकडे."
"अलीकडे. तू त्या दिवशी बँगोरच्या फेरीवर होतास.
खड्डा मी खणला."
तो कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून राहिला.
सोळा वर्षं, चहाचा मग घेऊन,
तो झाडाच्या त्या बाजूला उभा राहत आला होता
आपल्या कुत्र्यापाशी.
मी पाहायचे खिडकीतून.
सांगावंसं कधी वाटलं नाही.

लौरी फोनवर म्हणाली, झाडाला वळसा घाला,
पण काटकोन नको, या वायरीला तो सोसत नाही,
बस वळवता तशी वळवा.
"किती जादा?"
"दोन मीटर."
बारा पौंड.
टाक्यासाठी पाच पेन्सचा वाद घालणारा हा माणूस
(लोकरीच्या दुकानात, माझ्यादेखत)
खिळा घेऊन खाली बसला,
एकोणीस खोडले, एकवीस कोरले,
आणि झाडाच्या दुसऱ्या बाजूनं
मुळं चुकवत खणू लागला.

वायर आली: काळी, जाड,
पोटात पोलादी तारा.
दोघांनी ती वाळूत निजवली,
वर वाळू, वर पिवळी पट्टी,
पुढे कधी कुणी खणेल त्याच्यासाठी.
लौरीनं टोकं जोडली,
तासभर कसली कसली यंत्रं लावून पाहिली,
कागदावर सही केली, पैसे घेतले,
वर माझा अर्धा केक.

शेडमध्ये दिवा लागला.
मी मोजे काढले, नारिंगी वायर गुंडाळली,
खिडकी ओढली.
बसेना.
दोन हिवाळ्यांत लाकूड फुगलं होतं.
"दे इकडे," एम्रिस म्हणाला,
बिजागऱ्या सोडवल्या,
आणि खिडकीच काखेत मारून
रंधा मारायला शेडकडे निघाला,
झाडापाशी जरा थांबून,
अलीकडच्या बाजूला.

त्या रात्री भिंतीला नुसतं भोक होतं
आणि पाऊस आत, आडवा.
फ्रीज मात्र चालू होता.