चुकीचा पत्ता

सरकारी वीज येते दिवसातून दोन तास,
तीही पाहुण्यासारखी, कधी येणार ते न कळवता.
उरलेला वेळ गल्लीच्या तोंडाशी अबू रियादचा जनरेटर
धूर ओकत राहतो, आणि एक तारखेला
त्याचा पोरगा बिल घेऊन दारात.
माझ्या औषधांच्या दुकानात एक फ्रिज आहे.
त्यात अल-मीनाच्या एकोणीस घरांचं इन्सुलिन.
रात्री उठून मी त्याला कान लावते,
तान्ह्याचा श्वास चाललाय ना, बघावं तशी.

म्हणून आईच्या बांगड्यांचा भाव काढून आणला.
चारपैकी तिघींचा.

पहिला आला इस्त्रीच्या शर्टात.
कॉफी प्याला, खुर्चीतूनच वर बघितलं छताकडे,
म्हणजे आतून, पंख्याकडे.
"बारा पॅनेल लागतील. डोळे मिटून घ्या, मादाम."
डोळे मिटून मी एकदाच काही केलं होतं,
बँकेत ठेव.
तेव्हापासून उघडेच असतात.

दुसऱ्याकडे कागद होते, गुळगुळीत,
पंचवीस वर्षांची हमी, वर सोनेरी शिक्का.
कंपनी कधी सुरू झाली, विचारलं.
"गेल्या ऑक्टोबरात."
आठ महिन्यांचं बाळ
पंचवीस वर्षांचा शब्द देत होतं,
आणि तोही मला, एकसष्टाव्या वर्षी.

तिसरा, नझीह, दीड तास उशिरा आला.
आधी शिडी मागितली.
मग वर्षभराची बिलं.
मग बराच वेळ काहीच मागितलं नाही,
नुसता गच्चीवर उभा राहिला.
कठड्याच्या गंजावर अंगठा घासला, म्हणाला,
इथे समुद्र सगळं खातो,
साधे बोल्ट दोन हिवाळे काढायचे नाहीत.
आणि त्या शेजारच्या टाकीची सावली
डिसेंबरात कुठवर येते?
मला माहीत नव्हतं.
चाळीस वर्षं त्या गच्चीवर मी कपडे वाळत घालते.
"आठ पुरतील," म्हणाला. "बारा कशाला?"

इथेच हो म्हणून टाकणार होते.
पण दुधानं पोळलेलं तोंड माझं,
आणि कमी सांगून गिऱ्हाईक जिंकणं ही पण एक कला असते.
म्हटलं, पत्ते दे, जिथे काम केलंस तिथले.
त्यानं तीन दिले, भराभर.
"आणि जिथे चुकलास, तिथला?"

तो शिडीचा पाय पुसत राहिला.
पुसून झालेला पाय पुन्हा पुसला.
मग माझ्याच एका औषधाच्या पाकिटावर लिहिलं:
ओदेत नक्कूझी, चर्चच्या मागे, तिसरा मजला.

ओदेतच्या छताला अजून डाग आहे,
पिवळट, सायप्रस बेटाच्या आकाराचा.
"नको तिथे भोक पाडलं मेल्यानं,
जानेवारीत माझ्या पलंगावर पाणी!
शिव्या घातल्या मी, त्याच्या बापालासुद्धा."
मग?
"मग काय, आला. पावसातच, ताडपत्री घेऊन.
परत आला. परत आला.
तिसऱ्यांदा बायको होती बरोबर,
गादी उन्हं दाखवून आणली होती तिनं."
ओदेतचा राग अजून गेलेला नाही.
त्याचं नाव निघालं की कप जरा जोरात ठेवते.
गच्चीची दुसरी किल्ली मात्र त्याच्याकडेच असते.

त्या किल्लीकडे बघून मी बांगड्या मोडल्या.

आठ पॅनेल आहेत आता. भोक एकही नाही,
सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलीत,
आणि अबू रियादचा पोरगा
दारावरून जाताना मान वळवत नाही.
डिसेंबर यायचा आहे.
सावली कुठवर येते, बघू.

अजून उठते मी रात्री, सवयच ती.
कान लावायला वाकते तेव्हा
चौथी बांगडी फ्रिजच्या दाराला लागते,
बारीक आवाज होतो,
आणि आतलं गुरगुरणं चालूच असतं.