हिरवी म्हणजे शोधून झालं

हॅकबेरी काउंटीत दारं अकराशे बारा.
मला ठाऊक, कारण तेहतीस वर्षं
शाळेची पिवळी बस मीच चालवली.
कुठल्या फाटकाला साखळी, कुठल्याला नुसती दोरी,
कुठला कुत्रा भुंकतो
आणि कुठला न भुंकता येतो.
म्हणून व्हर्ना कुचेराने शेरीफपदाचा अर्ज भरला
तेव्हा ती आधी माझ्या पायरीवर आली.
"पाट्या रोवायच्यात. तुला घरं माहीत आहेत."
बाकी भाषण नाही. तेच आवडलं.

समोर डुएन स्ट्रॉडर, सोळा वर्षं शेरीफ.
वाईट माणूस नव्हे. माझा नवरा गेला त्या रात्री
निरोप घेऊन तोच आला होता,
पायपुसण्यावर बूट पुसत राहिला, बराच वेळ.
पण तुरुंगाचं छप्पर गळतंय
हे ऐकून सोळा वर्षं तो "बघतो" म्हणतोय.

रविवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेक.
एकाच तव्यापुढे दोघांचे लोक ताटकळलेले,
पाक एकाच बरणीतला, बिल्ले वेगळे.
ओथमार हिन्झ विचारतो, "माझी तीन वासरं चोरीला गेली, त्याचं काय?"
व्हर्ना म्हणते, "माहीत नाही. शोधीन."
मागून कुणीतरी हळूच,
"प्रचारात असं म्हणायचं नसतं गं."
मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा सेलेस्तिनो
दुभाषी म्हणून मुलीला पुढे करतो.
अकरा वर्षांची पोर, 'वॉरंट'पाशी अडखळते.
व्हर्ना गुडघे टेकून बसते,
शब्द सोपा होईस्तोवर उठत नाही.

तिच्या पाट्या हिरव्या, त्याच्या लाल.
वाऱ्याला पक्ष नसतो, तो दोन्ही उपटतो.
सांगूनच टाकते:
त्याची एक नांगरटीत पालथी पडलेली दिसली
आणि मी गाडी थांबवली नाही.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आर्लो बेनेश हरवला.
वय ब्याऐंशी, घरातल्यांची नावं विसरलेला,
पायात एकच सपाता.
घरामागे दोनशे एकर मका, डोक्याहून उंच,
वाळून कागदासारखा करकरणारा.
आत शिरलं की ओळींचा हिशेब चुकतो,
ही शोधली की ती?
खुणेची फीत अंधार पडायच्या आत संपली.
तेव्हा डुएनच माझ्या ट्रकमागे आला,
फळका पाडला. आत हिरव्या पाट्यांची थप्पी.
क्षणभर मनाशी काहीतरी मोजलं त्यानं,
मग एक उचलून ओळीच्या तोंडाशी रोवली.
"हिरवी म्हणजे शोधून झालं."
तासाभराने त्याच्या आल्या.
लाल म्हणजे बाकी.
कुणी हसलं नाही. हसायला पुढचा आठवडा होता.

कारखान्यातले चौदा जण पाळी बुडवून आले,
पांढरे रबरी बूटही न बदलता.
शेजारशेजारच्या ओळींत व्हर्ना आणि डुएन,
मध्ये मका, दिसायचा फक्त एकमेकांचा टॉर्च.
एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ऐकायचं.
पहाटे चारला ऐकलं ते सेलेस्तिनोच्या पोरीने.
थंडीने निळा पडलेला म्हातारा, मुठीत कणीस.
माझ्याकडे बघून म्हणाला,
"बस आली?"
आली, म्हटलं. चढा.

डुएन जिंकला. एकोणीस मतांनी.
त्या एकोणीस दारांवर मी कमी थांबले का,
हे अजून रात्री मोजते.
जानेवारीत तुरुंगाच्या छपरावर माणसं चढली.
विचारलं तर म्हणतो, "बघतो म्हणालो होतो ना!"
ओथमारची वासरं कुठे आहेत, देव जाणे.
व्हर्ना मात्र अजून विचारत फिरते.

बेनेशांचा मका उशिरा कापला.
यंत्रापुढे चालत मी पाट्या उपटल्या,
चिखलाने भरलेल्या, तारा वाकलेल्या.
येताना नांगरटीतली ती लालही उचलली.
आता सगळ्या माझ्या गॅरेजात, एकाच गठ्ठ्यात.
पुढच्या निवडणुकीला चार वर्षं आहेत.
तारा सरळ करायला
तेवढी लागतील.