दावा क्रमांक एक

सकाळपासून सातबारा, उत्पन्नाचे दाखले,
आणि अकराच्या सुमारास शालिक खंडारे.
काखेत व्हॉलीबॉल,
हातात पेटंट ऑफिसचं नऊ पानी पत्र.
"वाच बाई," म्हणाला, "अन् सोपं करून सांग.
मले त्यातली फक्त तारीख समजली."

हरकत पहिली. नावीन्य नाही.
सोबत तीन जुने दस्त,
त्यातला एक परदेशी, नव्वद वर्षांपूर्वीचा:
चामड्याचं कव्हर, तोंडाशी वादी,
वादी सोडली की ब्लॅडर बाहेर.
शालिक त्या चित्राकडे पाहत राहिला,
सोयरीक जुळवायला आलेल्या माणसासारखा.
"असे बॉल माहा बुढा शिवे.
वादीची गाठ कपाळाले लागे,
त्याच्या भिवईवर खूण होती.
माह्या बॉलले वादी कुठं हाय?"

नाहीच.
त्याच्या कव्हरला आहे एक जीभ,
चंचीच्या घडीसारखी आत दुमडलेली.
आतला फुगा फुगत जातो
तशी घडी स्वतःवरच दाबली जाते.
जितकी हवा, तितकी मूठ घट्ट.
हवा सोडली की मूठ उघडते,
फुगा बदला, टाका उसवायला नको.
माझ्या काउंटरवर, झेरॉक्सच्या रिमांमध्ये,
त्यानं हे करून दाखवलं. मग पुन्हा दाखवलं.
रांगेतला एक म्हातारा दाखला विसरून टाळ्या वाजवत होता.

पण दावा म्हणजे एकच वाक्य,
कितीही लांब असो, पूर्णविराम शेवटी एकदाच.
शालिक तर तीन शब्दांत बोलतो आणि थुंकायला बाहेर जातो.
त्याच्या तुकड्यांना मी
"ज्यामध्ये" आणि "याचे वैशिष्ट्य असे की" लावत गेले:
आवरण (१), फुगा (२), जीभ (३), हवेचं तोंड (४)...
दुपारी दोनपर्यंत वाक्य भरत आलं,
तेव्हा कुठं जेवणाचा डबा उघडला.

हरकत दुसरी.
"या कलेत निपुण असलेल्या व्यक्तीस
हे सहज सुचण्याजोगे आहे."
"कोन हाय हा मानूस?"
मी सांगितलं, तसा कुणी नसतो, कायद्यानं धरलेला असतो.
त्याला आधीचं सगळं ठाऊक असतं,
नवं मात्र काहीच सुचत नाही.
शालिक बराच वेळ गप्प.
"सारं मालूम हाय, तं त्यानं काहून नाई बनोला?
दारव्हा ते दिग्रस, बॉल शिवनारा मी एकटा.
म्हंजे तो मीच हाय का?
मले तं सहज नाई सुचलं. चार वर्सं लागले."
हे मी टाइप केलं,
मग खोडून सभ्य भाषेत पुन्हा टाइप केलं,
आणि त्यातलं काहीतरी गळालं.

हरकत तिसरी किरकोळ.
आकृती दोनमध्ये अंक १७ आहे,
वर्णनात नाही, दाव्यात नाही. काढून टाकावा.
अंक १७ म्हणजे बाभळीचा काटा.
शालिकनंच काढला होता, टोक जिभेकडे केलेलं.
"तो काढू नको."
मी म्हटलं, काटा काही तुमच्या शोधाचा भाग नाही.
"काट्याबिगर बॉल कायले बनोला असता?"

शाळेमागचं मैदान मी पाहिलंय.
कडेला बाभळी, मधे सराटे,
मुलींची टीम चपला काढून खेळते.
आठ दिवसांत बॉल जातो:
कव्हर साजरं, आतला जीव गेलेला.

त्यानं खिशातून काड्यापेटी काढली.
काडी एकही नाही. सगळे काटे,
ज्या त्या फुग्यातून उपसलेले.
"पुरावा म्हणून जोडता येते का?"
फक्त पीडीएफ, मी म्हटलं.
मग एक काटा स्कॅनरच्या काचेवर ठेवला,
झाकण लावलं. उजेड एकदा सरकून गेला.

पडद्यावर तो फारच मोठा आला,
सुळ्याएवढा. मी लहान करायला गेले,
तर शालिकनं हात धरला.
"राहू दे. पायात गेल्यावर
एवढाच असते."