सहीखालचा नाच

उत्तर फिनलंडमधल्या कायानी गावी
टायरच्या दुकानात तुइरे हिशेब बघते
आणि पत्रांना उत्तरं देते.
ऑक्टोबरात मालकाचं फर्मान आलं:
यापुढे प्रत्येक ईमेलच्या शेपटाला
हे चित्र आपोआप लागेल.
‘बर्फ सांगून येत नाही! चार टायर घ्या, बसवणावळ फुकट.’
शेजारी नाचणारा हिममानव.

नको असेल तेव्हा काढता येईल का?
आर्तो हसला. नको कधी असेल?

पहिले आठ दिवस कुणाचं काही बिघडलं नाही.
दातांच्या डॉक्टरकडे वेळ मागितली, खाली तो नाचला.
थकबाकीदाराला तिसरी ताकीद, कडक शब्दांत,
आणि लगेच चार टायरचं आमंत्रण,
म्हणजे एका हातानं कान धरायचा
दुसऱ्यानं बत्तासा द्यायचा.

मग मंगळवारी इर्याबाईंचं पत्र:
वाल्टो गेला. गुरुवारची वेळ रद्द करा.
ना मायना, ना शेवट.

चार ओळींना तुइरेला वीस मिनिटं लागली.
‘तुमच्या दुःखात सहभागी’ हे
टायरसारखंच साच्यातून निघालेलं, म्हणून गाळलं.
वाल्टो दर खेपेला काउंटरवर
एक खारट काळी गोळी ठेवून जायचा,
ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
खाली फक्त नाव, आडनावाशिवाय.

पाठवल्यावर उघडून पाहिलं.
नावाखाली दोन बोटं सोडून
तो नाचत होता.

जाहिरातीला सुतक नसतं.
पत्राचा शेवट म्हणजे उंबरा,
निघणारा माणूस तिथं वाकून चपला घालतो,
आणखी एखादं वाक्य त्याला आठवतं.
तिथं दुकान मांडू नये
एवढं कुणी आर्तोला शिकवलं नव्हतं.

माफीचं पत्र लिहावं?
त्याच्याही खाली तो नाचणार.
तुइरेनं संगणक बंद केला
आणि दुपारभर उगीच नट मोजत बसली.

शुक्रवारी उत्तर आलं.

‘गोळीचं मला ठाऊक नव्हतं.
रक्तदाबामुळे सोडली, असं सांगायचा मला. लबाड.
गाडी आता मलाच चालवायची आहे,
तेव्हा ते टायर बसवून द्या, फुकट म्हणताय तर.
त्या नाचणाऱ्याला मात्र सांगा,
मी येईन तेव्हा
थोडा वेळ नुसता उभा राहा.’